वॉर्ड क्रमांक १२ चा अर्ज

फौजदारी कायद्याचं पुस्तक म्हटलं की खून, दरोडा, जामीन, जबानी हेच डोळ्यांपुढे येतं. पण फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम असं आहे, की गल्लीबोळातली सगळी रोजची दुखणी त्यात ओळीनं येतात. कुणी रस्ता, नदी किंवा ओढा अडवलाय. एखाद्या धंद्यामुळे वस्तीचं आरोग्य बिघडतंय. इमारत कुणाच्या तरी अंगावर कोसळेल अशी झालीय. झाड रस्त्यावर कललंय. विहिरीला कठडा नाही. एखादं जनावर धोकादायक आहे. यातलं काहीही असो, ते दूर करा असा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतो. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत या कलमाचा क्रमांक १३३ होता, १९७३ च्या संहितेतही तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ते कलम १५२ झालं. क्रमांक बदलला, यादी तीच आहे.

यादीपेक्षाही मला थक्क करतात ते तिच्या आधीचे शब्द. दंडाधिकाऱ्यानं हालचाल करायची ती कशावरून? पोलिसांच्या अहवालावरून, किंवा इतर माहितीवरून. ही ‘इतर माहिती’ कुणीही द्यावी. त्यासाठी सातबारा लागत नाही, घर स्वतःच्या नावावर असावं लागत नाही. त्रास सार्वजनिक आहे एवढं दाखवता आलं की पुरे. आणि हा दंडाधिकारी कुठे दूर राजधानीत बसत नाही. आपल्याकडे ज्यांना प्रांत म्हणतात, तेच उपविभागीय दंडाधिकारी.

हे कलम काय करू शकतं ते देशाला दाखवून दिलं मध्य प्रदेशातल्या रतलामनं. रतलाम म्हणजे आपल्याला शेव आणि मुंबई–दिल्ली मार्गावरचं जंक्शन. तिथल्या न्यू रोडवरच्या वॉर्ड क्रमांक १२ मधल्या रहिवाशांना १९७० च्या दशकात वेगळीच चिंता होती. दारूच्या कारखान्याचं उग्र वासाचं सांडपाणी रस्त्यावर येत होतं. गटारं एक तर नव्हती, नाहीतर उघडी होती. जागोजागी डबकी, त्यांत डास. शेजारच्या झोपडपट्टीत शौचालयं नसल्यानं माणसं रस्त्याच्या कडेलाच बसत. नगरपालिकेकडे तक्रारी करून झाल्या आणि शेवटी ही माणसं १३३ कलमाखाली प्रांतांकडे गेली. प्रांतांनी पाहणी केली, साक्षीपुरावे तपासले आणि पालिकेला हुकूम दिला: ही घाण दूर करण्याची योजना सहा महिन्यांत तयार करा.

पालिकेनं गटार बांधण्याऐवजी अपील केलं. सत्र न्यायालयानं प्रांतांचा हुकूम रद्द केला, उच्च न्यायालयानं तो पुन्हा कायम केला, म्हणून पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे तिचे मुद्दे दोन. एक, आमच्याकडे पैसा नाही. दोन, या लोकांनी इथली घाण बघूनच इथे घरं घेतली, आता तक्रार कसली? दुसरा मुद्दा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा संताप येतो, कारण गावोगावच्या कार्यालयांत तो आजही वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो.

२९ जुलै १९८० ला निकाल लागला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी पालिकेचं अपील फेटाळलं. नगरपालिका जन्मालाच आली ती लोकांचं आरोग्य सांभाळायला. तिला पैशाची सबब सांगून त्या कामातून सुटता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. पुढचं आणखी मोलाचं आहे. रस्त्यावर बसणाऱ्या झोपडपट्टीवासीयांना त्यांनी गुन्हेगार ठरवलं नाही. ज्यांना आडोसाच मिळत नाही त्यांनी लाज राखायची तरी कशी, असं विचारून दोष त्यांनी शौचालयं न बांधणाऱ्यांच्या पदरात टाकला. तक्रार करणारे घरमालक आणि ज्यांच्यामुळे त्रास होतो असं वाटत होतं ते गरीब, दोघांचाही प्रश्न एकच निघाला.

मग आदेश. देशातलं सर्वोच्च न्यायालय एका वॉर्डाच्या नालीत उतरलेलं पाहायचं असेल तर ते वाचावेत. कारखान्याचं सांडपाणी ताबडतोब थांबवा. सहा महिन्यांत पुरेशी सार्वजनिक शौचालयं बांधा, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. तिथे पाणी द्या, सकाळ-संध्याकाळ सफाई ठेवा, आणि काम झाल्याचा अहवाल आरोग्य अधिकाऱ्यानं द्यावा. राज्य सरकारच्या मलेरिया विभागानं वॉर्ड १२ मधली डासांची पैदास थांबवावी. नुसती गटारं बांधून थांबू नका, डबकीही बुजवा. हे झालं नाही तर जबाबदार अधिकाऱ्यांवर खटले भरले जातील. रोग होऊ नये म्हणून जे खर्च कराल ते दवाखान्याच्या खर्चात वाचेल, असा साधा संसारी हिशेबही निकालात आहे.

अर्जदारांनी नवं काहीच मागितलं नव्हतं. रस्ते झाडणं, गटारं वाहती ठेवणं, घाण उचलणं ही पालिकेची कर्तव्यं म्हणून १९६१ च्या मध्य प्रदेश नगरपालिका कायद्यात लिहिलेलीच होती. वॉर्डातल्या लोकांनी एवढंच केलं, की कायद्यातलं वाक्य आणि दारासमोरची डबकी एकाच कागदावर आणली. चांगल्या अर्जाचं सगळं बळ मला यातच दिसतं. त्यातलं गाऱ्हाणं कितीही कळकळीचं असो, कार्यालय ते ऐकून घेतं आणि विसरतं. पण कर्तव्य कोणतं, ते कुठे लिहिलंय, कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेपासून मोडलं गेलंय, हे एकदा कागदावर आलं की समोरच्याला कायदा तरी नाकारावा लागतो किंवा डोळ्यांना दिसणारी गोष्ट तरी.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सोबत्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. सभासद व्हायचं तर लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुमारे ६,००० लोकांच्या सह्या घेऊन ९५ प्रतिनिधी सभेत बसले. निवडणुका कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट! तुम्ही कोण, असं सरकारनं विचारलं तर दाखवायला सह्या तयार. पुढे १८७६–७७ च्या दुष्काळात सभेनं गावोगाव माणसं धाडली, पिकांची आणि मदतकामांची माहिती गोळा केली आणि ती अर्जांमधून सरकारपुढे ठेवली. सह्या कुणाच्या आणि माहिती कुठली, या दोन गोष्टी पक्क्या असल्या की निवेदनाला वजन येतं, हे त्या पिढीनं ओळखलं होतं.

स्वातंत्र्यानंतर कागदाच्या अंगी आणखी बळ आलं. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं पर्यावरण राखणं हे राज्याचं धोरण ठरलं (अनुच्छेद ४८-अ), आणि वनं, तळी, नद्या, वन्यजीव जपणं हे नागरिकाचंही कर्तव्य ठरलं (५१-अ). मग जुलै १९८३ मध्ये डेहराडूनहून एका संस्थेचं पत्र सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणींनी उच्छाद मांडलाय, सुरुंगांनी डोंगर खिळखिळे झालेत, झरे आटतायत. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, तज्ज्ञांच्या समित्या डोंगरावर पाठवल्या आणि १२ मार्च १९८५ च्या आदेशानं अनेक खाणी बंद केल्या. खाणमालकांचं नुकसान होईल, मजूर बेकार होतील, हे न्यायालयानं झाकून ठेवलं नाही. निरोगी परिसरात जगण्याच्या लोकांच्या हक्कासाठी ही किंमत मोजावी लागेल असं म्हटलं, आणि त्या मजुरांना डोंगर पुन्हा हिरवा करण्याच्या कामात घ्यावं असंही सांगितलं.

आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट याहून सावकाश घडली, पण मला ती सगळ्यात जास्त आवडते. तिवराचं झाड ज्या चिखलात उभं असतं त्यात प्राणवायू जवळपास नसतोच. मग ते काय करतं, तर मुळं जमिनीतून वर काढतं. ओहोटी लागली की चिखलात कुणी शेकडो पेन्सिली टोकं वर करून रोवाव्यात तशी ही मुळं दिसतात. भरती येईपर्यंत झाड त्यांतून श्वास घेतं. कांदळाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर कोंब फुटल्यावर खाली चिखलात पडतं. अशा जंगलाला मारायला कुऱ्हाड लागतच नाही. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटेवर बांध घाला, नाहीतर राडारोड्याचे ट्रक मुळांवर रिकामे करा. मुळं गुदमरतात, झाडं वाळतात, आणि मग इथे जंगल होतंच कुठे असं म्हणायला मोकळे.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशात न्यायालयानं नेमकं मर्म पकडलं. राज्यभर खारफुटीची तोड थांबवलीच, राडारोडा टाकायलाही मनाई केली, आणि खारफुटी नेमकी कुठे आहे याचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून करून घ्यायला सांगितलं. नकाशा झाला की ‘इथे जंगल नव्हतंच’ हे म्हणणं संपतं. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ ला, न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाकडून. खारफुटी नष्ट करणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं त्यात म्हटलं आहे. भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. अंतरिम आदेशापासून अंतिम निकालापर्यंत तेरा वर्षं गेली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातली खारफुटी १८६ चौरस किलोमीटर होती, २०२१ च्या अहवालात ३२४. ही सगळी वाढ एका याचिकेच्या नावावर टाकता येणार नाही. पण त्या काळात मुंबईच्या खाडीकिनाऱ्यावर जमिनीला काय भाव आला ते आठवलं, तर आहे ते टिकलं हेच मला अचंब्याचं वाटतं.

प्रत्येक वेळी असं होत नाही. आरेच्या प्रकरणात मेट्रोच्या कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. रविवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. दसऱ्याची सुट्टी असूनही सोमवारी, ७ ऑक्टोबरला, विशेष खंडपीठ बसलं. एका पत्रावर चोवीस तासांत देशाचं सर्वोच्च न्यायालय बसतं! आता आणखी झाडं तोडणार नाही, असं राज्य सरकारनं तिथे सांगितलं. पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. कारशेड पुढे तिथेच झालं. त्या पत्राइतकं वेगानं पोहोचलेलं दुसरं पत्र मला माहीत नाही, आणि तरीही त्याला उशीर झाला.

म्हणून मला आधीच्या पायरीचं महत्त्व फार वाटतं, जिथे करवत अजून आलेली नसते. महाराष्ट्राचा शहरी भागांतल्या झाडांसाठीचा कायदा १९७५ चा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि खुद्द त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. कोणतं झाड, कशासाठी तोडायचं, हे त्यावर असतं, आणि हरकत घ्यायला सात दिवस. रोज त्याच्या सावलीतून जाणाऱ्याला कळावं म्हणून कायद्यानं झाडाच्याच अंगावर कागद लावायला सांगितलं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आहे. तेव्हा हरकत लिहिताना झाडाचं अंदाजे वय, बुंध्याचा घेर, त्यावरची घरटी यांची नोंद करावी. नुसतं ‘झाड तोडू नये’ असं लिहिलेल्या कागदाला उत्तर देणं सोपं जातं. वळण दोन मीटर सरकवलं तर हे झाड वाचतं, असं आराखड्यावर रेघ मारून दाखवलं की उत्तर देणाऱ्याला आराखडा उघडावा लागतो.

अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात हे आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत होतं. एक बारनिशीच्या टेबलावर द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, लिपिकाची आखूड सही. हा शिक्का पडला की कागदाचा सरकारी जन्म झाला. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि विचारायचं, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती द्या. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. त्या टिपण्यांत पुष्कळदा दिसतं, की खालच्या टेबलावरच्या कुणीतरी आपल्याच बाजूनं शेरा लिहिला होता आणि फाईल वर जाऊन अडली.

त्याहून वरची पायरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची. ते २०१० मध्ये सुरू झालं आणि महाराष्ट्र, गोव्यासाठीचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क एक हजार रुपये. मुदत मात्र पाळावी लागते, वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने. दिवाणी प्रक्रियेच्या काटेकोर नियमांनी ते बांधलेलं नाही. देवनारच्या कचऱ्यावरच्या एका बातमीची न्यायाधिकरणानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा त्याला तसा अधिकार आहे का हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ ऑक्टोबर २०२१ ला उत्तर मिळालं: आहे. आरेच्या पत्रावरच्या सुनावणीला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती.

या सगळ्यांत ज्या दाराशी लोक सर्वाधिक संख्येनं जातात आणि ज्याचा उपयोग सर्वात कमी करून घेतात, ते दार म्हणजे जनसुनावणी. खाण, बंदर, औष्णिक वीज केंद्र अशा मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याआधी ती घ्यावी लागते. काही प्रकारांना यातून सूट आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत तिची रीत बारकाईनं लिहिली आहे. किमान तीस दिवस आधी सूचना, त्यातली एक स्थानिक भाषेतल्या दैनिकात. पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी. गणसंख्येची अट नाही, एक माणूस आला तरी सुनावणी सुनावणीच. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करायचं.

सुनावणीत मतदान नसतं. घोषणांचा आवाज इतिवृत्तात उतरत नाही, आणि निर्णय पुढे तज्ज्ञ समिती कागद वाचून करते. म्हणून अहवालातलं पान काढून बोलावं. पान अमुकवर या ओढ्याला हंगामी म्हटलंय, आमच्या वाडीच्या विहिरींना तो मे महिन्यापर्यंत पाणी देतो, हे त्याचे फोटो, या तारखा. असं बोललेलं वाक्य नोंदवावंच लागतं आणि प्रकल्पवाल्यांना त्यावर लेखी म्हणणं द्यावं लागतं. अधिसूचनेत आणखी एक तरतूद आहे, आणि तिच्यामुळे मला ती लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो. सुनावणी संपताना दिवसभरात मांडल्या गेलेल्या मुद्द्यांचा गोषवारा जमलेल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्यांच्या भाषेत समजावून सांगायचा, आणि मग त्याच दिवशी त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही घ्यायची.

त्या वेळेपर्यंत मंडप पुष्कळसा रिकामा झालेला असतो. लांबून आलेल्यांची शेवटची एस.टी. असते, बायाबापड्यांना स्वयंपाकाची घाई असते. पण प्रत्येक वाडीतून दोघं-तिघं तरी वाचन होईपर्यंत थांबावेत. आपल्या ओढ्याचं नाव त्या गोषवाऱ्यात आलं नाही, तर उठून सांगावं की हे राहिलं, आणि सही होण्याआधी ते नाव त्यात घालून घ्यावं.